घड्याळात ४८ दिसले म्हणून…

ताई, तुमच्या स्मार्ट घड्याळात नाडी मिनिटाला ४८ दिसली म्हणून तुम्ही घाबरलात. असा आकडा दिसला की पोटात गोळा येतो, मीही त्यातून गेलोय. पण घड्याळावर विसंबू नका. मधेच जादा ठोका पडला की ते चुकू शकतं. ओटीवर पाच मिनिटं शांत बसा, मनगटावर बोटं ठेवून पुरे ६० सेकंद मोजा, वहीत लिहा. झोपेत तर ४०-५० अनेकांचे असतात. मेटोप्रोलॉल या रक्तदाब-हृदयाच्या गोळीनेही ठोके मंदावतात. ती गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका, रक्त पातळ करणारी तर नाहीच नाही. मात्र चक्कर येऊ लागली, घाटी चढताना नव्याने धाप लागली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शुद्ध हरपली तर लगेच इस्पितळ. आमच्या वेंगुर्ल्याकडे पावसात रात्री गाडी मिळणं कठीण, म्हणून वाडीतल्या रिक्षावाल्याचा नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवा.