एकच पदार्थ मिळणाऱ्या स्वस्त पार्सलच्या दुकानातून जेवण घ्यावं का?

जरूर घ्या. फक्त पहिल्या खेपेला घरी न्यायला म्हणून घेऊ नका, आणि दुकान बंद व्हायच्या सुमाराला तर मुळीच जाऊ नका.

तुम्ही लिहिलंय की दुकान म्हणजे नुसती एक खिडकी आहे, बसायला जागा नाही, पदार्थ एकच आणि दर आजूबाजूच्या हॉटेलांच्या जवळपास निम्मा. त्यामुळे एवढं स्वस्त त्यांना परवडतं कसं, मालात काही खोट तर नसेल, अशी शंका तुम्हाला येते. शिवाय पाहुण्यांसाठी तिथे मोठी ऑर्डर द्यावी का, हेही विचारलंय. मी काही वर्षं हॉटेलांच्या किचनमध्ये काम केलंय, त्यातला बराच काळ अशाच एका पदार्थावर चालणाऱ्या दुकानात. म्हणून काउंटरच्या पलीकडच्या बाजूने काय दिसतं ते सांगते.

आधी दराचं. मोठा मेन्यू असलेल्या हॉटेलात प्रत्येक पदार्थाचा माल तयार ठेवावा लागतो आणि आज त्यातलं काय खपेल हे कुणालाच ठाऊक नसतं. रात्री जे उरतं आणि टाकावं लागतं, त्याचे पैसे खपलेल्या ताटांमधूनच वसूल होतात. म्हणजे तुम्ही न मागवलेल्या पदार्थांचा खर्चसुद्धा तुमच्याच बिलात असतो. एकच पदार्थ करणाऱ्याकडे ही भानगड नाही. ठरलेल्या आठ-दहा वस्तू तो घाऊक भावाने उचलतो, सगळ्याच संपतात. वेटर नाही, भांडी घासणारा नाही, टेबलं नाहीत म्हणून जागा लहान आणि भाडं कमी. गिऱ्हाईक मेन्यू वाचत उभं राहत नाही, त्यामुळे तेवढ्याच माणसांत तासाला कितीतरी जास्त पार्सलं निघतात. अमेरिकेत मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ साली हेच केलं. सॅन बर्नार्डिनोमधलं त्यांचं चालू दुकान काही महिने बंद ठेवलं, गाडीपर्यंत खाणं नेऊन देणारी माणसं आणि काचेची भांडी काढून टाकली, २५ पदार्थांचा मेन्यू ९ वर आणला आणि हॅम्बर्गरचा दर १५ सेंट ठेवला. तेव्हा कमी दर हा आपोआप संशयाचा मुद्दा होत नाही. तो पैसा कुठे वाचवलाय एवढंच बघायचं: उरणाऱ्या मालावर आणि जागेवर वाचवला असेल तर उत्तम, पदार्थावर वाचवला असेल तर तिकडे फिरकू नका.

पदार्थावर पैसे वाचवले की काय होतं, याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात बोलकं उदाहरण जपानमधलं आहे. योशिनोया हे १८९९ साली टोकियोच्या निहोनबाशी मासळी बाजारात सुरू झालेलं दुकान. भातावर गोमांसाचे पातळ काप घालून देतात तो ग्युदोन एवढाच तेव्हा त्यांचा पदार्थ होता. १९७०च्या दशकात त्यांनी झपाट्याने शाखा वाढवल्या, माल पुरेना, म्हणून वाळवलेलं मांस आणि सॉसची पावडर वापरायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाला फरक लगेच कळला. १९८० साली कंपनी बुडीत निघाली आणि तिला न्यायालयाकडे धाव घ्यावी लागली. त्यातून ती सावरली ती चव परत मूळ पदावर आणूनच. पुढे डिसेंबर २००३मध्ये अमेरिकेत गुरांमध्ये ‘मॅड काउ’ रोग सापडला, जपानने तिथलं मांस आणणं थांबवलं आणि फेब्रुवारी २००४पासून योशिनोयाने ग्युदोनच बंद केला. दुसऱ्या देशाचं मांस मिळत होतं, पण त्याला ती चव येत नाही म्हणून त्यांनी ते घेतलं नाही. डुकराच्या मांसाचा वेगळा पदार्थ विकून दिवस काढले आणि मूळ ग्युदोन सप्टेंबर २००६मध्ये परत आला. मला या गोष्टीचं फार कौतुक आहे. ज्याच्याकडे एकच पदार्थ आहे त्याला लपायला जागा नसते, आणि हे समजून वागणारा दुकानदार असेल तर तिथलं खाणं महागड्या हॉटेलपेक्षाही सरस निघतं.

आता खिडकीशी उभं राहून काय बघायचं ते. पाटीवरचं नाव, रंगरंगोटी, ऑनलाइन मिळालेले तारे, सगळं बाजूला ठेवा. बघायचा तो खप. ‘आम्ही एकच पदार्थ करतो म्हणून तो उत्तम करतो’ हे अर्धंच खरं आहे. एकच पदार्थ उत्तम होतो तो दर थोड्या वेळाने नव्याने होतो म्हणून. खप नसेल तर त्याच एका पदार्थाचं पातेलं सकाळपासून मंद आचेवर तसंच पडून राहतं, आणि तिथे दुसरं काही मागवायची सोयही नसते.

तळणीचं दुकान असेल तर मी घाणे मोजते. चांगला आचारी रांगेकडे बघून घाणा टाकतो. माणसं वाढली की कढई भरून, माणसं विरळ झाली की चार-पाच नग. हे फार जवळून बघण्यासारखं असतं. त्याचं अर्धं लक्ष कढईत आणि अर्धं रस्त्यावर असतं. घाणा काढताना तो झारा कढईच्या काठावर दोनदा आपटून तेल निथळू देतो, मग माल जाळीवर पसरतो. ढीग करत नाही, कारण ढिगाखालचा माल वाफेने मऊ पडतो. याउलट परातीत डोंगर रचून ठेवलाय आणि गिऱ्हाईक आलं की तोच परत तेलात बुडवून गरम करून देतोय, असं दिसलं तर तुम्हाला हवं ते उत्तर तिथेच मिळालं. दुसऱ्यांदा तळलेला माल तेल जास्त पितो, आणि वरून कडक लागला तरी आतून कोरडा होतो.

तेलाकडेही नजर टाका. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल काळपट आणि दाट होतं, लवकर धूर सोडतं, आणि माल टाकल्यावर येणारे बुडबुडे विरून न जाता साबणासारखा बारीक फेस धरून राहतात. तेल जसजसं बिघडतं तसतशी त्यात ठरावीक संयुगं वाढत जातात, आणि बऱ्याच देशांत त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास गेलं की ते तेल वापरता येत नाही. ते मोजायचं यंत्र आपल्याकडे नसलं तरी नाक असतंच. खिडकीपाशीच खवट वास आला तर घशाला त्रास होणारच.

भाताचा किंवा रश्श्याचा पदार्थ असेल तर वाफ बघायची. शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सियसच्या वर ठेवावं आणि बाहेरच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ६० अंशांना भांड्याचं झाकण उघडलं की वाफ स्पष्ट दिसते आणि पार्सलचा डबा हातात नीट धरवत नाही. कोमट डबा हातात आला तर तो परत द्यायला लाजू नका. भाताच्या बाबतीत मी जास्तच कडक आहे. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवताना मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांचं उलट्या करवणारं विष नंतर भात कितीही गरम केला तरी जात नाही. म्हणून ‘घरी जाऊन गरम करून घेऊ’ हा उपाय इथे चालत नाही. दुकानातच भात गरम असायला हवा.

पैसे घेणारा हात आणि अन्नाला लागणारा हात वेगळे आहेत का, ओटा पुसायचं फडकं कसं आहे, पाणी कुठून येतंय, हे एका नजरेत कळतं. त्यावर जास्त लिहीत नाही.

वेळ मात्र महत्त्वाची. ऐन गर्दीत गेलात तर माल ताजा मिळतो पण हात घाईचे असतात: मीठ कमी-जास्त होतं, चटणी राहून जाते. गर्दी नुकती सुरू होते तेव्हा जावं. पहिला घाणा होऊन गेलेला असतो, तेल किंवा तवा नीट तापलेला असतो, आणि आचाऱ्याच्या अंगात उत्साह असतो. शेवटच्या अर्ध्या तासात दुकानदाराला उरलेलं संपवायचं असतं, नवीन काही करायचं नसतं. ‘माल संपला’ म्हणून जो लवकर शटर ओढतो, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जाते.

आता घरी का नेऊ नका म्हणाले ते. पहिल्यांदा एकच पार्सल घ्या आणि बाजूला उभं राहून तिथेच उघडून खा. पार्सल म्हणून घरी नेलेल्या पदार्थावर तुम्ही मत बनवता ते निम्मं डब्याविषयी असतं. गरम कुरकुरीत माल बंद डब्यात ठेवला की त्याचीच वाफ झाकणाला लागून पाणी होऊन परत मालावर पडते, आणि दहा-पंधरा मिनिटांत त्याचा लगदा होतो. रश्श्यात बुडालेली कोणतीही पिठाची वस्तू वाटेत फुगत राहते. तिथेच खाल्लं की आचाऱ्याच्या हातात काय आहे ते कळतं, मग घरी नेऊन खाल्लं की पॅकिंगने काय घालवलं ते कळतं. चव आवडली असेल तर पुढच्या वेळी सांगून घ्या: कोरडं कागदात, ओलं वेगळ्या डब्यात, झाकण पूर्ण दाबू नका. एकच पदार्थ बांधून बांधून त्यांचा हात बसलेला असतो, त्यामुळे अशी विनंती ते चटकन मानतात. मोठ्या हॉटेलात हीच गोष्ट तीन जणांना सांगावी लागते.

एकदा आवडलं म्हणून लगेच निकाल देऊ नका. वेगळ्या वारी, वेगळ्या वेळी आणखी एकदा जा. अशा दुकानांची सगळी मदार बहुतेक वेळा एका माणसावर असते आणि तो सुट्टीवर असला की चव बदलते. दोन्ही वेळी तिखट-मीठ सारखं लागलं तर समजायचं की प्रमाण मापाने ठरलेलं आहे, कुणा एकाच्या अंदाजावर चाललेलं नाही. काही खटकलं तर दुकानदाराला सांगा, तेही गर्दी नसताना आणि नेमक्या शब्दांत: ‘चव नाही’ म्हणू नका, ‘आज मीठ जास्त होतं’ म्हणा. त्याला एकच गोष्ट सुधारायची असते, त्यामुळे खूपदा पुढच्याच खेपेला फरक दिसतो.

पाहुण्यांसाठी मोठी ऑर्डर द्यायला हरकत नाही, पण आदल्या दिवशी सांगा आणि ऐन गर्दीची वेळ टाळा. लहान कढईत अचानक वीस नग मागितले की तेल गार पडतं, माल तेल पितो, आणि रांगेतल्या बाकीच्यांचंही खाणं बिघडतं. ‘सगळं एकदम तयार ठेवा’ असंही म्हणू नका, नाहीतर पहिला घाणा तुम्ही पोचेपर्यंत गार झालेला असेल. ‘मी आल्यावर शेवटचे घाणे टाका, मी थांबते’ असं म्हटलं तर कुठलाही आचारी खूश होतो. पाहुण्यांत कुणाला एखादी वस्तू चालत नसेल तर आधीच विचारून घ्या, कारण एकाच कढईत आणि एकाच मसाल्यात सगळं होतं, त्यातून एखादी वस्तू वगळून देणं त्यांना शक्य नसतं. अशा माणसासाठी त्या दिवशी घरी काहीतरी वेगळं करून ठेवा.