दोन ड्रम आणि चाळीस ब्रास

प्रश्न : आमच्या मंगल कार्यालयामागे 80 बाय 50 फुटांचं डांबरी पार्किंग आहे. खडी उघडी पडू लागलीय, म्हणून सीलकोट, म्हणजे डांबरावर मारायचा पातळ काळा संरक्षक थर, मारायचा आहे. मालाच्या पत्रकावर एका हाताला चौरस मीटरमागे अर्धा लिटर माल लिहिलाय. घनता 1.2, म्हणजे लिटरमागे 1.2 किलो; घन भाग, म्हणजे वाळल्यावर उरणारा, वजनाने 50 टक्के. गुत्तेदार म्हणतो, 200 किलोच्या दोन ड्रममध्ये दोन हात आरामात बसतात, थरही एक मिलिमीटरचा होतो. खरं का?
– एक वाचक, औसा

उत्तर : तुमचा गुत्तेदार लबाड आहे असं मी लगेच म्हणणार नाही. किलो आणि लिटर एकच, असं धरणारे खूप आहेत. त्यात एकेकाळी मीही होतो. अंबाजोगाईला एका आवारात माल असाच मागवला आणि शेवटचा कोपरा कोरडा राहिला. महिन्याने दुसरा माल आणून तो भरला, तर काळ्यावर काळं ठिगळ दिसायचं. मालकाने ते मला चहा पाजून दाखवलं.

तुमची जागा 4000 चौरस फूट, म्हणजे 40 ब्रास, म्हणजे सुमारे 372 चौरस मीटर. अर्धा लिटर दोनदा, म्हणून 372 लिटर माल लागतो. ड्रममधले 200 किलो भागिले 1.2, म्हणजे 167 लिटर. दोन ड्रमचे झाले 333. जवळपास 40 लिटर कमी.

मग त्याचं ‘आरामात’ कुठून आलं? 333 लिटरमध्ये पाचवा हिस्सा पाणी घाला, बरोबर 400 लिटर होतात. काही मालात पाणी घालायला पत्रकच सांगतं. त्यामुळे अर्धा लिटर हा कोऱ्या मालाचा आकडा आहे की पाणी घातलेल्या, हे आधी दुकानदाराला विचारा. कोऱ्याचा असेल तर तुम्ही पाण्याचे पैसे देताय.

आता जाडी. एक चौरस मीटर सपाट फरशीवर एक लिटर सारखं पसरलं की ते बरोबर एक मिलिमीटर उभं राहतं. म्हणजे तुमचा एक हात ओला असताना अर्धा मिलिमीटर. वाळताना पाणी उडतं. 100 ग्रॅम मालाचं आकारमान 83 मिलिलिटर, त्यात 50 मिलिलिटर पाणी. उरले 33, म्हणजे आकारमानाने 40 टक्केच. वजनाचे 50 टक्के इथे फसवतात. एका हाताला 0.2, दोन हातांना 0.4 मिलिमीटर. वरून पाणी घातलं की ओला थर तेवढाच दिसतो, वाळलेला मात्र सहावा हिस्सा घटतो. एक मिलिमीटरचा हट्ट धरू नका. तेवढा थर एकाच हातात ओतला तर वर साय धरते, आत पाणी कोंडतं आणि थर तडकतो.

हा सगळा हिशोब सपाट जागेचा. उघड्या खडीच्या खाचा माल पितात आणि खडीच्या माथ्यावर पातळ राहतो. म्हणून झाडून, धुऊन, वाळवून आधी एक ब्रास जागा आखा आणि मापाने माल पसरा. कागदावर तिथे 4.65 लिटर बसतात. समजा साडेपाच लागले, तर पहिला हात 220 लिटर, दुसरा 186, एकूण 406. 1.2 ने गुणा : 487 किलो. 500 मागवा. काम संपल्यावर रिकामे ड्रम मोजल्याशिवाय बिल देऊ नका.

मे महिन्यात दुपारी हात मारू देऊ नका, वरून लगेच सुकतं. सकाळी लवकर सुरू करा. वळवाचं आभाळ असेल तर ड्रम उघडूच नका.

आणि खाली काळी माती असेल, आपल्याकडे असतेच, तर बोट जाईल एवढ्या चिरा सीलकोटने बुजणार नाहीत. माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि 0.4 मिलिमीटरचा थर तिच्याबरोबर फाटतो. त्या चिरा आधी साफ करून, चिरा भरायच्या वेगळ्या मालाने भरून घ्या. त्याचा भाव रनिंग फुटाने वेगळा ठरवा, चौरस फुटात मिसळू देऊ नका.