ट्रॅक्टरची क्लच प्लेट किती तास टिकायला हवी?

तुम्ही विचारलंय की कंपनीतून आलेली प्लेट अडीच हजार तास चालली आणि नंतर टाकलेली सातशे तासांतच घसरायला लागली, तर यात प्लेट डुप्लिकेट निघाली असं समजायचं का? नकली माल असू शकतो, पण माझा पहिला संशय तिथे जात नाही.

आधी आकड्याचं बोलतो. कोरडा क्लच, साधी लायनिंगची (घर्षणाच्या थराची) प्लेट आणि मिश्र काम असेल तर 2000 ते 4000 तास मी ठीक धरतो. लांब शेतात नांगरणी, पेरणी करणारे ट्रॅक्टर याच्या पुढेही जातात. लोडर लावलेला तोच ट्रॅक्टर हजार तासांच्या आत प्लेट मागतो. तेलात बुडालेला क्लच असेल तर त्याचं गणित वेगळं, तो योग्य तेलावर कितीतरी जास्त चालतो.

हा फरक एवढा मोठा का, तर प्लेट तासांनी झिजत नाही. पेडल पूर्ण वर असताना प्लेट आणि फ्लायव्हील (इंजिनच्या मागचं जड चाक) एकाच वेगाने फिरतात, घासत नाहीत. पेडल पूर्ण खाली असताना प्लेट सुटलेली असते. तेव्हा झिजतं ते रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग. प्लेट झिजते ती फक्त मधल्या त्या क्षणांत, जेव्हा फ्लायव्हीलचा वेग एक आणि प्लेटचा वेग दुसरा असतो. नांगराला एका तासात असे क्षण मोजके येतात. लोडरला पुढे-मागे, पुढे-मागे करताना दर मिनिटाला येतात. म्हणून सातशे तासांत ट्रॅक्टरने कोणतं काम केलं, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

प्लेट खाणाऱ्या सवयींमध्ये सगळ्यात वाईट म्हणजे भरलेली ट्रॉली वरच्या गिअरमध्ये जागेवरून हलवणं. पुष्कळ ट्रॅक्टरांत चालता चालता गिअर बदलणं अवघड असतं, म्हणून चालक सरळ रस्त्याचा गिअर टाकतो, रेस वाढवतो आणि अर्ध्या क्लचवर ओढत नेतो. त्या दहा सेकंदांत प्लेट भयंकर तापते. चढावर ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर ट्रॅक्टर थोपवून धरणं हाही त्यातलाच प्रकार. पाय सतत पेडलवर टेकलेला असेल तर पकड थोडी कमी होते आणि बेअरिंगही विनाकारण फिरत राहतं. डबल क्लच (एकाच पेडलवर दोन प्लेटी: एक चाकांची, दुसरी पीटीओची, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याची) असेल तर वळणावर पेडल पहिल्या टप्प्यापर्यंतच दाबायचं. दर वळणाला तळापर्यंत दाबलं की रोटाव्हेटर थांबतो, पुन्हा फिरवावा लागतो आणि पीटीओची प्लेट उगाच झिजते. पीटीओ जोडतानाही रेस कमी ठेवावी, वेग नंतर वाढवावा.

आता तुमच्या दुसऱ्या प्लेटकडे येऊ. पहिली इतकी चालली आणि दुसरी लवकर गेली, म्हणजे चालक आणि काम तेच असेल तर गडबड बहुधा बसवतानाची आहे. मी पहिल्यांदा पेडलचा मोकळा प्रवास बघेन, म्हणजे क्लच सुटायला लागण्याआधी पेडल किती सैल जातं ते. प्लेट झिजत जाते तशी तिला आवळून धरणारी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिची बोटं (तिला मागे ओढणारे छोटे तरफ) उलट रिलीज बेअरिंगकडे येतात. म्हणजे मोकळा प्रवास आपोआप कमी होत जातो. वेळेवर सेटिंग केलं नाही तर एक दिवस बोटं बेअरिंगला कायमची टेकतात, प्लेट पूर्ण आवळलीच जात नाही, आणि मग ती झपाट्याने संपते. बऱ्याच ट्रॅक्टरांत हा प्रवास 20 ते 30 मिमीच्या आसपास असतो. तुमच्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेत आहे, तोच धरा. नवी प्लेट टाकल्यावर पहिल्या काही दिवसांत तर हमखास तपासा.

जुनी प्लेट टाकून दिली नसेल तर ती उजेडात नीट बघा, कारण खरं उत्तर तिच्यावरच असतं. लायनिंग काचेसारखी चकचकीत झाली असेल, जळका वास येत असेल, तर ती घसरून तापली आहे. एकाच बाजूने झिजली असेल तर फ्लायव्हील किंवा प्रेशर प्लेट, यांपैकी एकीचा पृष्ठभाग खराब आहे. काळपट आणि ओलसर असेल तर तेल आलंय. क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकातून थेंब पडतात का बघा: पातळ काळं तेल म्हणजे क्रँकचं मागचं सील, जाडसर तेल म्हणजे गिअरबॉक्सकडचं. सील तसंच ठेवून प्लेट बदलली तर तिसरीही जाणार. चिखलणी करत असाल तर ते भोक चिखलाने बुजलेलं नाही ना, हेही पाहा.

फ्लायव्हीलवर निळे डाग, बारीक भेगा किंवा रिव्हेटांनी पाडलेल्या चऱ्या दिसल्या तर त्यावर नवी प्लेट बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. पृष्ठभाग मशीनवर घासून घ्यावा, भेग खोल असेल तर फ्लायव्हील बदलावं. सगळ्या बोटांची उंची गेजने सारखी करायला हवी. नुसत्या नजरेने केली की ट्रॅक्टर जागेवरून निघताना थरथरतो. तुमचा थरथरत होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

प्लेट बदलायची तर इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात. ही सगळी मेहनत प्लेटच्या जोडीला रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग (फ्लायव्हीलच्या मधोमध असलेलं) आणि दोन्ही सीलं न बदलता वाया घालवू नका. ही बचत मला कधीच पटलेली नाही.

आणि खोलायच्या आधी क्लच खरंच घसरतोय याची खात्री करा. मोकळ्या, सपाट जागेत, पुढे कोणी नसताना ब्रेक लॉक करा, वरचा गिअर टाका, मध्यम रेसवर क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच धरतोय. ताकद कमी वाटण्याचं कारण मग डिझेल किंवा एअर फिल्टरमध्ये शोधा. इंजिन चालूच राहिलं तर क्लच गेला. ही चाचणी एकदाच करा, कारण तीही प्लेट झिजवते.