लढाऊ जेट आणि लहान सिव्हिल विमान हवेत एकमेकांना धडकतातच कसे? एवढं मोठं आकाश, वर रडार, तरी? आणि दरवेळी जेटवालाच कसा वाचतो?

आधीच सांगतो, मी पायलट नाही. होता होता राहिलो. स्टुडंट लायसन्स काढून ३८ तास सेसना, म्हणजे एका इंजिनाचं छोटं विमान, उडवली, मग पैशाचं गणित कोलमडलं आणि कोल्हापूरला परत येऊन उद्यमनगरात वडिलांच्या लेथवर उभा राहिलो. त्यामुळं खाली जे लिहितोय ते त्या ३८ तासांत डोक्यात ठोकून बसवलेलं आणि नंतर रात्री जागून अपघातांचे रिपोर्ट वाचायची जी खोड लागली त्यातलं.

तुमचा प्रश्न वाचल्यावर मला विमान नाही, दुधाची गाडी आठवली. दोन वर्षांपूर्वी हातकणंगलेकडच्या एका आतल्या रस्त्यानं पहाटे कारनं चाललो होतो, ऊस तुटून गेलेला, दोन्हीकडं रान मोकळं, लांबपर्यंत सगळं लख्ख दिसतंय. पुढं चौक. उजवीकडच्या रस्त्यानं एकजण स्प्लेंडरला दोन्ही बाजूला दुधाचे कॅन अडकवून येत होता आणि मला तो दिसलाच नाही, म्हणजे शेवटपर्यंत नाही, करकचून ब्रेक मारला तेव्हा तो बोनेटपासून हातभर अंतरावर होता. शिव्या खाल्ल्या, बरोबरच होत्या. नंतर डोकं शांत झाल्यावर कळलं, काचेच्या कडेला जो खांब असतो ना, त्याच्या मागं तो सगळा वेळ होता. मी ज्या हिशोबात चौकाकडं चाललोय त्याच हिशोबात तोही येतोय, त्यामुळं माझ्या बाजूनं बघितलं तर तो जागचा हललाच नाही. हलला असता तर खांबाच्या बाहेर आला असता की.

हवेत हेच होतं, फक्त खांब नसला तरी होतं. काचेवर जे विमान सरकताना दिसतं ते तुमच्या पुढून नाहीतर मागून निघून जाणार. जे एकाच जागी चिकटून बसलंय ते तुमच्यावर येतंय. आणि आपला डोळा नेमका हललेलं पकडतो, न हललेलं सोडून देतो. आमचे इन्स्ट्रक्टर उडायच्या आधी काच पुसायला लावायचे, मला वाटायचं शिस्त म्हणून. एक दिवस काचेवर चिलट चिरडलेलं तसंच राहिलं तर ते वर गेल्यावर म्हणाले, हे चिलट आहे का विमान आहे सांग. मी हसलो. ते हसले नाहीत.

आता स्पीडचा हिशोब बघा. अमेरिकेच्या एफएएचा, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक खात्याचा, एक तक्ता आहे, समोरचं विमान दिसल्यापासून आपलं विमान खरोखर वळायला लागेपर्यंत साडेबारा सेकंद धरलेत. त्यातले पाच सेकंद नुसते 'अरे हे आपल्यावरच येतंय' हे कळायला, चार कुठं वळायचं ते ठरवायला, हात हलवायला अर्धा सेकंदसुद्धा नाही, मग विमानाचा स्वतःचा आळस दोन सेकंद. जेट ३५० नॉटनं (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर) आणि सेसना १०० नॉटनं समोरासमोर येत असतील तर सेकंदाला साधारण २३० मीटर अंतर संपतं, म्हणजे साडेबारा सेकंदांत २.९ किलोमीटर. एवढ्या लांबून एफ-१६ सारखं लढाऊ जेट केवढं दिसतं? पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत ते साधारण १० मीटर, म्हणजे तुम्ही खोलीत बसलाय आणि तीन मीटरवरच्या भिंतीला एक हरभरा चिकटवलाय, तेवढं. खरं तर हरभराही नाही, समोरून पंख पातळ असतात, हरभऱ्याएवढ्या लांबीची काडी म्हणा, तीही राखाडी. लढाऊ विमान रंगवतातच मुळी दिसू नये म्हणून. आणि रिकाम्या आकाशाकडं बघत राहिलं की डोळ्याला पकडायला काही नसतं, तो आपोआप जवळचाच फोकस धरून बसतो. म्हणून आकाश दहा-दहा अंशाच्या तुकड्यांत बघायचं, प्रत्येक तुकड्यावर निदान एक सेकंद थांबायचं असं शिकवतात. मी ते किती वेळा केलं? मनापासून सांगायचं तर चेकच्या, म्हणजे परीक्षेच्या, दिवशी.

'एवढं मोठं आकाश' हेही तितकंसं खरं नाही. आकाश मोठं आहे पण विमानं त्यात सारखी पसरलेली नसतात, सगळी धावपट्टीच्या आसपास आणि खालच्या काही हजार फुटांत घुटमळतात. रंकाळा तलाव मोठा आहे म्हणून काय, माणसं भेळेच्या गाड्यांपाशीच असतात.

७ जुलै २०१५ ला अमेरिकेत साउथ कॅरोलिनात मॉंक्स कॉर्नरजवळ झालेली टक्कर माझ्या डोक्यातून जात नाही. एक एफ-१६ चार्ल्सटनला इन्स्ट्रुमेंट अप्रोचची, म्हणजे यंत्रांच्या भरवशावर उतरायची, प्रॅक्टिस करत होतं, त्यामुळं पायलटचं निम्मं लक्ष आत डायलवर. जवळच्याच छोट्या विमानतळावरून एक सेसना १५० दोघांना घेऊन नुकतीच वर आली होती, ती जमिनीवरून विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या कंट्रोलरशी बोलत नव्हती आणि तिथल्या नियमानं बोलायची सक्तीही नव्हती. पण रडारला आपली ओळख कळवणारा ट्रान्सपॉंडर चालू, रडारवर दिसत होती. कंट्रोलरनं एफ-१६ ला सांगितलं, समोर दोन मैलांवर ट्रॅफिक आहे. पायलट म्हणाला बघतोय. मग कंट्रोलर म्हणाली, दिसत नसेल तर डावीकडं १८० वर, म्हणजे दक्षिणेकडं, वळ. तो विचारतो, दोन मैल म्हणालात का? मग परत तेच, दिसत नसेल तर लगेच वळ. तो वळायला लागला तोवर उशीर झाला होता, १५०० फुटांच्या थोडं खाली दोघं भिडले. पहिल्या सूचनेपासून मिनिटभरही गेलं नव्हतं.

त्या 'दिसत नसेल तर' मध्येच सगळं आहे. ते ऐकल्यावर माणूस आधी शोधत बसतो, दिसत नाही हे पक्कं करायलाच सेकंद जातात. तपास करणाऱ्या एनटीएसबीनं मुख्य कारण म्हणून दोन विमानं एकमेकांवर येत असताना कंट्रोलरनं तो पेच नीट सोडवला नाही हेच दिलं, आणि बघून टाळायच्या पद्धतीच्या मर्यादाही मांडल्या. आता तुम्ही म्हणाल एवढ्या महागड्या जेटला रडार नव्हतं काय? होतं की. पण ते शत्रूचं जोरात पळणारं विमान धरायला बनवलेलं, रमतगमत चाललेली सेसना त्याच्या हिशोबातच नाही. आणि प्रवासी विमानात जे टीसीएएस नावाचं टक्कर टाळायचं यंत्र असतं, 'वर जा, खाली जा' म्हणून ओरडणारं, ते ना एफ-१६ मध्ये होतं ना सेसनात.

२००० सालची फ्लोरिडातली टक्कर वेगळी. १६ नोव्हेंबरला ब्रॅडेंटनजवळ दोन एफ-१६ ची जोडी, पुढचा लीडर वाट चुकलेला, आपण सिव्हिल विमानांच्या कंट्रोल्ड एअरस्पेसमध्ये, म्हणजे कंट्रोलरच्या ताब्यातल्या आकाशात, शिरलोय याचा त्याला पत्ताच नाही. धडकला मागचा, सेसना १७२ ला. असं जोडीनं, फॉर्मेशनमध्ये उडताना मागच्याचा बराचसा वेळ लीडरकडं बघण्यात जातो, त्यामुळं लीडर चुकला की दोघं चुकले. तिथं मला त्या सेसनावाल्याचं लै वाईट वाटतं, तो बिचारा कंट्रोलरशी बोलत व्यवस्थित चालला होता.

मोठी विमानंही सुटलेली नाहीत. १९७१ मध्ये जपानमध्ये शिझुकुइशीला हवाई दलाचं सेबर लढाऊ जेट आणि प्रवासी बोइंग ७२७ धडकलं, १६२ माणसं गेली. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनला आर्मीचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर आणि प्रवासी जेट, ६७. तिथंही हेलिकॉप्टरवाल्यांनी 'दिसतंय, आम्ही बघून लांब राहतो' असंच सांगितलं होतं, रात्रीच्या वेळी, शहराच्या दिव्यांत.

आपल्याकडं काय? लोक लगेच हरियाणातल्या चरखी दादरीची टक्कर म्हणतात, १९९६, ३४९ मृत्यू, पण ती दोन्ही सिव्हिल विमानं होती. लष्कराचा संबंध एवढाच की दिल्लीभोवतीचं बरंचसं आकाश हवाई दलाकडं असल्यानं यायला-जायला एकच कॉरिडॉर होता, आणि कझाकस्तानचं विमान ठरवून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली आलं. लहान विमानांचं म्हणाल तर आपल्याकडं ती मुळात कमी, आणि एअर डिफेन्स क्लिअरन्स, म्हणजे हवाई दलाची परवानगी, तिचा एडीसी नंबर घेतल्याशिवाय सहसा उडता येत नाही. आम्ही त्या नंबरसाठी ताटकळत बसायचो आणि चिडायचो, मी तर लै. पुण्याला लोहगावचं एटीसी, म्हणजे कंट्रोलरचं काम, हवाई दलाकडं, गोव्यात दाबोळीचं नौदलाकडं, म्हणजे जेट आणि सिव्हिल एकाच माणसाच्या स्क्रीनवर. अमेरिकेत कुणीही शेताशेजारच्या पट्टीवरून कुणाला न सांगता उडू शकतो, ती मोकळीक आपल्याकडं नाही, आणि या एका बाबतीत मला ती नकोच वाटते.

राहिलं तुमचं शेवटचं, जेटवालाच का वाचतो. दरवेळी वाचतो असं नाही, १९७१ मध्येच कॅलिफोर्नियात अशाच एका टकरीत फॅंटम या लढाऊ जेटचा पायलट गेला, मागच्या सीटवरचा वाचला. पण मी सांगितलेल्या दोन्ही सेसना अपघातांत वाचला हे खरं. सेसना १५० माणसं-पेट्रोल सगळं धरून जास्तीत जास्त ७२६ किलो, एफ-१६ रिकामंच त्याच्या दहापट. ट्रकनं लुनाला उडवल्यासारखं आहे ते. आणि त्याच्या बुडाखाली इजेक्शन सीट असते. २०१५ चा पायलट तर धडकेनंतर थोडा वेळ विमान सांभाळायला बघत होता, मग बाहेर पडला. आमच्या सेसनात सीटखाली आग विझवायचा एक लाल डबा असायचा आणि इन्स्ट्रक्टरची पाण्याची बाटली.