मोरपंखी आतून तपकिरी का पडते?

प्रश्न : अंगणात चार वर्षांपूर्वी लावलेली मोरपंखी यंदा पावसाळ्यानंतर आतून तपकिरी पडू लागली आहे. तिला पाणी कमी पडते आहे काय? (एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : प्रथम फांद्या हाताने बाजूला करून पाहावे. खोडालगतची, ऊन न पोहोचणारी जुनी पालवीच तेवढी वाळलेली असेल आणि टोके हिरवीगार असतील, तर काळजीचे कारण नाही; सदाहरित झाडही जुनी पाने टाकतेच, फक्त सगळी एकदम टाकत नाही. टोकेच तपकिरी होत असतील, तर पाणी कमी नव्हे, बहुधा जास्त झाले आहे, कारण आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. बुंध्याजवळची माती बोटभर उकरावी. ती चिकट लागल्यास पाणी थांबवून निचऱ्यासाठी चर काढावा. उन्हाळ्यात लाल कोळी ही पालवीतला रस शोषणारी बारीक कीडही असाच रंग आणते. पांढऱ्या कागदावर फांदी झटकली, की बारीक ठिपके चालताना दिसतात.

छाटणी मात्र हिरव्या भागापुरतीच करावी. पुष्कळ माळ्यांना कात्री आवरत नाही. जुन्या उघड्या लाकडापर्यंत कापल्यास तेथे पालवी सहसा पुन्हा फुटत नाही.