चौकातल्या ट्रॅफिकचं सिम्युलेशन करायला मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर कोणतं?

डोळे झाकून सुमो (SUMO) घ्या. जर्मनीच्या डीएलआर या अंतराळ-विमान संशोधन संस्थेने २००१ पासून जोपासलेलं, फुकट. सोबतच्या 'ओएसएम वेब विझार्ड'मध्ये नकाशावर आपला चौक निवडला की ओपनस्ट्रीटमॅपवरचे रस्ते येतात आणि थोड्याच वेळात गाड्या धावू लागतात. पण त्या गाड्या कुठूनही कुठेही जाणाऱ्या! खरा अभ्यास हवा तर चौकात उभं राहून गाड्या मोजा नि ते आकडे भरा.

आपल्याकडच्या ट्रॅफिकसाठी आणखी एक गोष्ट: सुमोत मुळात एका लेनमध्ये गाड्या एकामागोमागच चालतात. 'लॅटरल रिझोल्यूशन' (लेनच्या रुंदीत किती रुंद पट्टे पाडायचे ती सेटिंग) ०.८ मीटर ठेवलंत की दुचाकी कारशेजारच्या फटीतून पुढे सरकू शकतात. प्रत्येक गाडी किती सेकंद खोळंबली, ते 'ट्रिपइन्फो' फाइलमध्ये मिळेल.