गोठ्यामागच्या खड्ड्याचा वास जायला काय टाकावं? आणि ते पाणी ठिबकमधून देता येईल का?

बारा संकरित गाई, गोठ्यामागे उघडा खड्डा, त्यात शेण, मूत आणि धुण्याचं पाणी सगळं एकत्र, आणि लगेच पलीकडे शेजाऱ्यांची घरं, असं तुम्ही लिहिलंय. दुकानदार एक पावडर सुचवतोय ती टाकू का, आणि खड्ड्याचं पाणी उसाला सोडलं की ठिबक चोंदतं त्याचं काय करू, हे तुमचे दोन प्रश्न. दोन्हींचं उत्तर खड्ड्यात नाही, खड्ड्याच्या आधी आहे. काय टाकायचं यापेक्षा खड्ड्यात काय जाऊ द्यायचं नाही ते अगोदर ठरवा. पावडर तूर्त घेऊ नका. आमचाही गोठा संकरित गाईंचाच आहे आणि वस्तीला लागून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वास दोन प्रकारचा असतो. पहाटे गोठ्यात शिरल्यावर डोळे चुरचुरतात तो अमोनियाचा. मुतात युरिया असतो आणि शेणातल्या जिवाणूंकडे तो फोडणारं विकर असतं. दोन्ही एकत्र आले की काही तासांतच अमोनिया उडायला लागतो. दुसरा वास खड्ड्याचा. हवा न मिळता साचून कुजलं की सडक्या अंड्यासारखा हायड्रोजन सल्फाइड आणि आंबूस वासाची आम्लं तयार होतात. उपसताना गाळ ढवळला की जो भपकारा येतो तो हाच.

यातला अमोनिया म्हणजे सरळसरळ नत्र आहे. पेंडीचे पैसे मोजून गाईच्या पोटात घातलेलं नत्र उसाच्या मुळाशी पोचायच्या आधीच हवेत जातं. त्यामुळे शेजाऱ्यांची तक्रार आणि तुमच्या खताचा तोटा ही एकच गोष्ट आहे, असं धरूनच चला.

आता पाण्याचा हिशेब बघा. संकरित गाय दिवसाला साधारण २० किलो शेण आणि १० ते १२ लिटर मूत देते. बारा गाईंचं मिळून २४० किलो शेण आणि सव्वाशे-दीडशे लिटर मूत. पाइप लावून गोठा धुतला तर गाईमागे शंभर लिटर पाणी सहज जातं, म्हणजे बाराशे लिटर. तुमच्या खड्ड्यात चारातले तीन हिस्से नुसतं पाणी आहे! ते सगळं सांभाळायचं, उपसायचं, गाळायचं, आणि वासही त्याच पसाऱ्याला. म्हणून आधी कोरडी सफाई. फावड्याने किंवा रबरी खरवड्याने शेण ओढून पाटीत भरा, दिवसातून तीनदा तरी, आणि मग उरलेल्या डागापुरतंच पाणी मारा. एका आठवड्यात खड्ड्याची पातळी किती हळू चढते ते दिसेल.

शेण आणि मूत वेगळं ठेवणं हा सगळ्यात मोठा उपाय, आणि नेमका तोच टाळला जातो. गाय उभी राहते त्या जागेला गव्हाणीकडून नालीकडे दीड-दोन इंच उतार हवा. कोबा खड्डेमय झाला असेल तर आधी तो दुरुस्त करा. नालीतलं मूत शेणखड्ड्यात न सोडता झाकणाच्या टाकीत घ्या. झाकण हवंच, उघड्या टाकीतून नत्र उडून जातं. दहा पट पाण्यात मिसळून ते पाटपाण्याबरोबर दिलं की नत्र आणि पालाश दोन्ही पिकाला मिळतं. आणि खुराकाकडेही बघा. गरजेपेक्षा जास्त सरकी पेंड घातली की जादा प्रथिनं दुधात उतरत नाहीत, युरिया होऊन मुतातून बाहेर पडतात. पशुवैद्यकाकडून खुराक संतुलित करून घेतला तर पेंडीचाही खर्च वाचतो.

शेणासाठी माझं मत ठाम आहे: गोबरगॅस. वासाचा त्रास असेल तर याच्याइतका पक्का उपाय मला दुसरा दिसत नाही. जे कुजणं उघड्या खड्ड्यात होऊन गावभर पसरतं, तेच बंद घुमटात होतं आणि वासाची आम्लं तिथे मिथेन होऊन चुलीत जळतात. २५ किलो शेणाला एक घनमीटर गॅस धरतात, म्हणजे तुमचं शेण नऊ-दहा घनमीटरचं आहे. शेणाइतकंच पाणी मिसळायचं आणि आपल्या हवेत चाळीस दिवस आत राहील एवढी जागा ठेवायची. रोजचे ४८० लिटर धरले तर जवळजवळ १९ हजार लिटरचं पोट लागेल. दोन घनमीटरमध्ये पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो, तेव्हा एवढा गॅस एकट्या घराला संपणार नाही. पाइप नेऊन जवळच्या दोन-तीन घरांना गॅस देता आला तर जरूर द्या. नळीला वाटेत उतार ठेवा आणि सखल जागी साठलेलं पाणी काढायची सोय करा, नाहीतर गॅस अडतो. अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात करा, आणि बांधकाम प्रशिक्षित गवंड्याकडूनच करून घ्या. घुमटाला केसाएवढी भेग राहिली तरी सगळं वाया जातं.

एक काळजी घ्या. गोठा फिनेलने किंवा ब्लीचिंगने धुतलेलं पाणी गोबरगॅसमध्ये जाता कामा नये, आतले जिवाणू मरतात आणि गॅस बसतो. त्या पाण्याला वेगळी वाट हवी.

गोबरगॅसमधून बाहेर पडणाऱ्या पातळ काल्याला, म्हणजे स्लरीला, वास फार कमी असतो, माश्या बसत नाहीत, आणि कच्च्या शेणखतातून जी हुमणी (मुळं खाणारी अळी) उसात येते तिचीही धास्ती कमी होते. पण स्लरीतलं बरंचसं नत्र अमोनियाच्या रूपात असतं. ती उन्हात पसरून वाळवली तर तेच नत्र पुन्हा हवेत. पाण्याबरोबर द्या, किंवा सरीत सोडून लगेच मातीआड करा, तेही उन्हं उतरल्यावर.

आता ठिबक. ड्रीपर चोंदतात ते शेणातल्या तंतूंनी, आणि ते तंतू खड्ड्यात पडल्यावर गाळणं म्हणजे रोजची मारामार. स्लरी आधी डीवॉटरिंग मशीनमधून काढा. आतला स्क्रू ती जाळीवर दाबतो, चोथा एकीकडे पडतो आणि पाणी दुसरीकडे. मशीन परवडत नसेल तर तीन टाक्यांची उतरंड करा: पहिलीत गाळ बसतो, मधे जाळी, तिसरीत वरचं पाणी. पंपाचा फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणारं टोक, तळाशी ठेवू नका, तरंगता ठेवा. त्यानंतर सँड फिल्टर आणि डिस्क फिल्टर आहेतच. आणि कितीही गाळलं तरी शेवटची पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाणी चालवून लॅटरलची, म्हणजे ड्रीपर लावलेल्या नळ्यांची, टोकं उघडायची. टोकातून आधी हिरवट-तपकिरी बुळबुळीत पाणी येतं, मग गढूळ, मग नितळ. नितळ दिसेपर्यंत टोक बंद करायचं नाही. स्लरी नळीत रात्रभर राहिली की आत शेवाळी थर धरतो आणि तो मग ॲसिड सोडूनही लवकर सुटत नाही.

उरलेल्या चोथ्याचं उत्तम कंपोस्ट होतं. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची नॅडेप पद्धत याला चांगली लागू पडते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीत भोकं ठेवलेला विटांचा हौद, त्यात काडीकचरा, थोडं शेण आणि माती यांचे थर. सगळी किमया त्या भोकांची आहे, हवा आत खेळते म्हणून वास येत नाही. तुमच्याकडे उसाचं पाचट आहे, ते जाळू नका, इथे वापरा. ओल किती हवी ते मुठीत दाबून बघा: हात ओला व्हावा, पण बोटांतून पाणी ठिबकू नये. पाणी ठिबकलं तर पाचट वाढवा. आणि ढिगात लोखंडी पहार खुपसून काही मिनिटांनी काढा. हाताला चटका बसला पाहिजे. पहार गार निघाली तर आत हवा नाही किंवा ओल कमी आहे.

पावडरीचं म्हणाल तर, जिवाणूंची कल्चरं खोटी नाहीत. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्राचं वेस्ट डीकंपोजर हे कल्चर दोन किलो गूळ आणि दोनशे लिटर पाण्यात वाढवून ढिगावर शिंपडलं तर कंपोस्ट लवकर होतं. पण हवा नसलेल्या काळ्या पाण्यात तेच ओतून वास जाईल ही अपेक्षा ठेवू नका. फरशीवर किंवा ढिगाच्या थरात सिंगल सुपर फॉस्फेट भुरभुरलं तर मात्र ते अमोनिया धरून ठेवतं आणि खतात स्फुरदही वाढतं. याउलट बरेच जण वास आला की शेणावर चुना मारतात. चुन्याने अमोनिया जास्त जोरात उडतो. धुऊन कोरड्या केलेल्या फरशीवर चुना ठीक, ओल्या शेणामुतावर कधीच नाही. डेन्मार्कमध्ये स्लरीत सल्फ्युरिक ॲसिड घालून अमोनिया अडवतात हेही तुमच्या वाचनात येईल. तिथे ते यंत्राने, मोजून-मापून करतात. तुम्ही साचलेल्या खड्ड्यात ॲसिड ओतलंत तर त्यातून हायड्रोजन सल्फाइड उसळतो आणि तो माणूस मारतो.

हे मी पुन्हा सांगते, कारण यात जीव जातात. खड्डा उपसताना कुणीही आत उतरायचं नाही, वाकून ढवळायचं नाही, आणि पोरांना जवळ येऊ द्यायचं नाही. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकाला त्याचा वासच कळेनासा होतो, त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही असं समजू नका. आत कुणी पडलं तर वाचवायला म्हणून मागोमाग उडी मारणाराही तिथेच राहतो.

गोबरगॅस उभा राहून नीट चालू व्हायला दोन-तीन महिने जातील. तोवर सध्याच्या खड्ड्यावर पाचटाचा जाडसर थर तरंगत ठेवा. वर आपोआप साय धरली तर ती मोडू नका, तीच झाकणाचं काम करते. खड्डा उपसायचा तर ऊन चढल्यावर, वारा वस्तीकडे नसताना उपसा. संध्याकाळी हवा पडते, गारव्याने वास जमिनीलगत साचून राहतो आणि नेमका लोकांच्या जेवणाच्या वेळेला घरात शिरतो. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि कुणाच्या घरी कार्य असेल तर तो दिवस टाळा.